क्लॅरिनेटवाल्याचे वरचे दोन दात

धनराजभाऊ खुर्चीत तोंड वासून पडले होते. ओठ मागे ओढून धरणारी प्लास्टिकची कडी लावून झाली होती, डोळ्यांवर केशरी चष्मा चढला होता आणि डॉ. विक्रांतच्या हातात दात पांढरे करायच्या जेलची सिरिंज होती. मी चहाचा कप घेऊन बाहेर चालले होते. विक्रांतने दारातूनच हाक मारली.

"मॅडम, एक सेकंद. यांच्या वरच्या पुढच्या दोन दातांत फट आहे. जेल लावू ना?"

"मग मला कशाला विचारतोस?"

"परवा तुम्हीच बघितलं होतं ना यांना. फॉर्मवर सही तुमची आहे. म्हणून नुसतं विचारलं."

नुसतं विचारलं ते फार बरं केलं. पण तेव्हा मला तसं वाटलं नाही. तेव्हा चहा थंड होतोय एवढंच वाटलं.

मी हिरड्यांची डॉक्टर. दातांचा डॉक्टर घर बघतो असं धरलं, तर मी पाया बघते. बरीच वर्षं कॉलेजात शिकवलं आणि आता आठवड्यातून तीन दुपारी रामदासपेठेतल्या एका क्लिनिकमध्ये जाते. क्लिनिक विक्रांतचं. विक्रांत माझा विद्यार्थी. विद्यार्थीच मालक झाला की त्याला अरे म्हणावं की अहो, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. रागात असले की अरे म्हणते, सुट्टी हवी असली की अहो.

त्या आठवड्यात विक्रांतकडे एक मोठं काम आलं होतं. नागपुरातल्या एका बँड पार्टीचे मालक, त्यांना सगळे शेठच म्हणतात, आपल्या पहिल्या फळीतल्या आठ वादकांचे दात पांढरे करून मागत होते. तुळशीचं लग्न झालं की वरातींचा सीझन सुरू होतो. हल्ली नवरा-नवरी बँड ठरवण्याआधी मोबाइलवर त्याचे रील बघतात. शेठनी मरून रंगाचे नवे कोट शिवले होते, फेटे नवे घेतले होते. "पोशाख नवा, फेटे नवे, मंग दात जुने काहून?" असा त्यांचा सवाल होता. सवाल बिनतोड होता.

दात पांढरे करण्याआधी हिरड्या बघायच्या असतात. ते माझं काम. म्हणून दोन दिवस आधी विक्रांतने मला बँडच्या गोदामात नेलं. ढोल टांगलेले, कोट वाळत घातलेले, आठ माणसं रांगेत बाकावर बसलेली. हातात आरसा आणि टॉर्च. अर्ध्या तासात आठही तोंडं बघून मी सह्या करून मोकळी झाले. आज सांगायला लाज वाटते, पण त्याला तपासणी म्हणत नाहीत, डोकावणं म्हणतात. विद्यार्थ्यांनी असं केलं असतं तर मी त्यांना पूर्ण टर्मभर छळलं असतं.

असो. मी खुर्चीजवळ गेले.

"धनराजभाऊ, ही फट लहानपणापासून आहे का?"

ओठांना कडी लावलेल्या माणसाला प्रश्न विचारायचा नसतो. ते "आ आ" करत मान हलवत राहिले. मी कडी काढली.

"नाही मॅडम. साल-दीड सालापासून हाय. उमरच झाली आता."

सत्तेचाळीस वर्षांचा माणूस उमर झाली म्हणत होता. मी वाकून नीट बघितलं. हिरड्या फिक्या गुलाबी, घट्ट, रक्ताचा टिपूस नाही. वरवर बघितलं तर देखण्याच. पण ते दोन दात शेजाऱ्यांपेक्षा लांब वाटत होते. दात या वयात वाढत नसतात. लांब दिसत असला तर हिरडी वर सरकलेली असते.

"रंजना," मी असिस्टंटला म्हटलं, "प्रोब दे."

प्रोब म्हणजे एक बारीक बोथट सळई. तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा असतात. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक चिंचोळी फट असते, त्यात ती हलकेच सरकवायची. निरोगी माणसात दोन-तीन मिलिमीटरवर ती अडते. धनराजभाऊंच्या त्या दातापाशी ती तीनवर अडली नाही. पाचवरही नाही. सातवर जाऊन थांबली. दुसऱ्या दातालाही तेच. मग मी दोन आरशांच्या दांड्यांमध्ये दात धरून हलवून बघितला. हलला.

दोन दिवसांपूर्वी हे तोंड मी पास केलं होतं.

"विक्रांत, सिरिंज ठेव खाली. बाहेर ये."

बाहेर म्हणजे एक्स-रेच्या खोलीत. तिथलं बोलणं खुर्चीपर्यंत ऐकू जात नाही.

"मॅडम, सात जणांचं झालंय. एकच उरलाय."

"एकाचं होणार नाही."

"जेल दाताला लावतो मी, हिरडीला नाही. हिरडीवर निळा लेप लावणारच होतो."

हा लेप मी समजावून सांगते. दात पांढरे करायचं जेल म्हणजे पेरॉक्साइड. ते हिरडीला लागलं तर हिरडी भाजते, पांढरी पडते. म्हणून हिरडीच्या कडेवर एक लेप लावून लाइटने तो घट्ट करतात. नळाला सील लावतात तसं. पण सील बसायला कड धड असावी लागते. जिथे हिरडी दातापासून सात मिलिमीटर सुटली आहे, तिथे लेपाखालून जेल आत झिरपायला वाव मिळतो. शिवाय हिरडी सरकल्यामुळे दाताचं मूळ उघडं पडलेलं असतं. मुळावर वरचं कठीण कवच, म्हणजे इनॅमल, नसतं. तिथे जेल लागलं तर माणूस खुर्चीतून उठून उभा राहील अशी कळ जाते, आणि इतकं करून मूळ काही पांढरं होत नाही.

हे सगळं विक्रांतला माहीत होतं. मीच शिकवलं होतं.

"पण मॅडम, ब्लीडिंग नाहीये. हिरडीचा आजार असता तर प्रोब घातल्यावर रक्त आलं असतं. तुम्हीच शिकवलंय."

हे मात्र त्याने बरोबर धरलं. मलाही तेच खटकत होतं. एवढी खोल फट आणि रक्त नाही? अशा वेळी पहिला संशय तंबाखूवर जातो. तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात. आतून घर पोखरत असतं आणि बाहेर रक्त येत नाही. घरात आग लागली आहे आणि धुराचा इशारा देणारी घंटा कोणीतरी बंद करून ठेवलीय, असा प्रकार. पण फॉर्मवर लिहिलं होतं, तंबाखू: नाही. आणि नागपुरात राहून खर्र्याला, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या घोटलेल्या मिश्रणाला, न शिवलेला माणूस म्हणून परवा मी त्यांचं कौतुकही केलं होतं.

"आणि मॅडम," विक्रांत हळूच म्हणाला, "फॉर्मवर सही तुमचीच आहे. शेठना काय सांगू?"

"सांग की बाईंनी नीट बघितलं नव्हतं."

त्याने फॉर्म उलटा करून टेबलावर ठेवला. मालक असून चांगला मुलगा आहे.

मी परत खुर्चीशी आले. धनराजभाऊ आता उठून बसले होते. त्यांच्या पायाशी क्लॅरिनेटची काळी पेटी होती. ती बाहेर ठेवायला ते तयार नव्हते, हे रंजनाने मला आधीच तक्रारीच्या सुरात सांगितलं होतं.

"भाऊ, खरं सांगा. तंबाखू?"

"आईची आण मॅडम. खर्रा नाही, बिडी नाही. वाजवणाऱ्याले चालतच नाही ते. फुंक जाते."

माणूस खोटं बोलत नव्हता. चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात बघून तोंड वाचता येतं थोडंफार. मग अचानक मला माझी सावनेरकडची एक जुनी पेशंट आठवली आणि मी विचारलं, "सकाळी दात कशाने घासता?"

"गुडाखूनं." अगदी अभिमानाने. "लहानपणापासून. माय बी तेच लावे, आजी बी. लावलं का दात कसे घट्ट वाटते. दिवसातून दोन-तीनदा लावतो मी. वाजवायच्या आंधी तं लावतोच."

आणि खिशातून छोटी डबी काढून त्यांनी माझ्यापुढे धरली.

आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाचा काळा लगदा. बोटाने दातांना, हिरड्यांना चोळतात. जिभेला झिणझिण्या येतात, डोकं हलकं होतं, हिरडी बधिर होते. घराघरांत ते मंजनाच्या फडताळावर ठेवलेलं असतं. व्यसनाच्या यादीत ते कोणी धरतच नाही. ते दात घासणं असतं. धनराजभाऊंनी फॉर्मवर खरंच लिहिलं होतं. प्रश्न विचारणाऱ्यांना गाव माहीत नव्हतं.

मी कपाळावर हात मारला.

"काहून मॅडम? वाईट हाय का ते?"

मी सांगितलं. ते ऐकत होते, पण पटत नव्हतं. एक्स-रे काढला. दात ज्या हाडात रोवलेला असतो ते हाड अर्धं झिजलेलं दिसत होतं. मी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "बरं. पांढरे केल्यावर करू याचं काही. शेठची शूटिंग हाय पुढच्या हप्त्यात."

एक्स-रे बघून घाबरणारे लोक आता उरले नाहीत. लोकांना ते फोटोसारखं वाटतं, आवडला नाही तर दुसरा काढू.

"भाऊ, हे दात आत्ता नीट केले नाहीत तर वर्षा-दोन वर्षांत पडतील."

तेव्हा मात्र त्यांनी दाराकडे बघितलं. दार लागलेलं होतं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, हे शेठले नका सांगू."

"मी कोणालाच सांगत नसते. पण का?"

"वरचे दात गेले तं क्लॅरनेट संपलं. आमच्यात मंग झांजा देते हातात. मांगच्या रांगेत." थोडं थांबून ते पुन्हा म्हणाले, "मी उमरच्या सोळाव्या सालापासून पुढं चालून राहिलो. वरातीत पहिला सूर माहाच लागते."

मग माझ्या लक्षात आलं. दात हलतात हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना वाटत होतं, पांढरे झाले की कोणाला कळणार नाही. स्वतःलासुद्धा.

क्लॅरिनेट तोंडात धरताना खालचा ओठ आत घेतात आणि वरचे दोन पुढचे दात थेट माउथपीसवर टेकवतात, हे मी त्या दिवशी शिकले. म्हणजे हे दोन दात म्हणजे त्या माणसाच्या धंद्याचे दोन खांब होते. मी म्हटलं, "पेटी उघडा. बघू द्या मला."

त्यांनी पोथी उघडावी तशा हळुवारपणे पेटी उघडली. माउथपीसवर काळ्या रबराचा एक तुकडा चिकटवलेला होता.

"हे काय?"

"सायकलच्या ट्यूबचा हाय. दात घसरत जाये मॅडम. आंधी वाटलं फुंकायची पत्ती खराब हाय. तीन पत्त्या बदलल्या. मंग हे लावलं."

"किती दिवस झाले लावून?"

"झालं असन साल."

"काढा बरं ते."

त्यांनी नखाने रबर सोलून काढलं. खाली माउथपीसवर दातांनी वर्षानुवर्षं पाडलेले दोन खड्डे होते. अगदी एकमेकांना चिकटून. तीस वर्षांचा शिक्का. मग मी तो रबराचा तुकडा उजेडात धरला. त्यावरही दोन खड्डे होते, पण एकमेकांपासून दूर, मध्ये चांगली सुपारीची फोड मावेल एवढी जागा. आणि एक खड्डा दुसऱ्याच्या मागे सरकलेला.

माउथपीस आणि रबर दोन्ही त्यांच्या तळहातावर ठेवलं.

त्यांनी रबर माउथपीसवर पुन्हा बसवून बघितलं. काढलं. पुन्हा बसवलं. आरशाकडे बघून जिभेने दात चाचपले. एक्स-रेने जे झालं नव्हतं ते सायकलच्या ट्यूबने केलं.

"एवढे सरकले बाप्पा?" ते म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. मलाही भरून आलं. खोटं कशाला सांगू.

"वाचतील का मॅडम?"

"मी सांगते ते सगळं केलंत तर वाचवायचा प्रयत्न करता येईल. आज सांगू शकत नाही."

डॉक्टरने एवढंच म्हणायचं असतं. पण ते म्हणताना मलाच ते पुरेसं वाटत नव्हतं, कारण मी परवा सही केली होती, आणि विक्रांतने चहाच्या वेळी हाक मारली नसती तर आत्तापर्यंत जेल हिरडीच्या त्या फटीत शिरलं असतं. धनराजभाऊ कळवळले असते, दोन दिवस गोळ्या खाल्ल्या असत्या, दात पांढरे दिसले असते, शूटिंग झालं असतं. आणि आजार मात्र तसाच आत पसरत राहिला असता.

तेवढ्यात बाहेर थांबलेले शेठ आत आले. दार वाजवायची त्यांची पद्धत नाही.

"क्या मॅडमजी, हुआ क्या हमारे हीरो का?"

"यांचं आज होणार नाही. हिरड्यांवर आधी उपचार लागतील. दोन-अडीच महिने पांढरं करायचं नाही."

"अडीच महिने? मॅडम, सात जणाचे पांढरे आन समोरच्याचे पिवळे, रील मंधी कसं दिसन? लोक म्हणन मुख्य माणूसच जुना हाय."

"चालेल. आवाज पिवळा ऐकू येत नाही."

"अरे, पण..." शेठनी डोकं खाजवलं. "मंग यंदा उमरेडवाल्या पोट्ट्याले पुढं करू का? धनराज, तू आराम कर गा एक सीझन."

हीच भीती होती. मी काही बोलणार, तेवढ्यात धनराजभाऊच बोलले. थोड्याच वेळापूर्वी हा माणूस मला दाराआड विनवत होता.

"शेठ, दात हलून राहिले माहे. इलाज घेतो. पन पहिला सूर मीच लावीन."

"हलत्या दातानं कसा लावशीन?"

"मास्तर लावत होते तसा."

हे कोण मास्तर, ते मला नंतर कळलं. ज्यांच्याकडून धनराजभाऊ शिकले, ते जुने बँडमास्तर वरचा ओठसुद्धा आत घेऊन वाजवायचे. दोन्ही ओठ दातांवर घ्यायचे, त्यामुळे दात माउथपीसला टेकतच नाहीत. सूर गोल निघतो, पण ओठ लवकर थकतात. नवी मुलं ते शिकत नाहीत. "बूढ्यांची पद्धत" म्हणून सोडून दिलेली.

मला त्यातलं सुरांचं काही कळलं नाही. पण दातांवरचा भार कमी होणार हे कळलं. मी धनराजभाऊंना रिकामं माउथपीस तसं धरायला लावलं आणि दातामागे बोट ठेवून बघितलं. दाब खरोखर बराच कमी होता. मीच मनातल्या मनात त्या मास्तरांना नमस्कार केला.

शेठ माझ्याकडे बघत होते. "मॅडमजी, गॅरंटी?"

"गॅरंटी मिक्सरची देतात. दहा दिवस अजिबात वाजवायचं नाही. मग रोज थोडं, दोन्ही ओठ आत घेऊन. पुढचं दात ठरवतील."

शेठ बडबडत गेले. पण उमरेडच्या मुलाला फोन केला नाही, हे मला विक्रांतने नंतर सांगितलं.

उपचार तसे साधे. त्यात चमत्कार नसतो, चिकाटी असते. त्याच आठवड्यात दोन बैठकांत जागा बधिर करून हिरडीच्या खाली मुळांवर चढलेला थर मी खरवडून काढला. दगडासारखा असतो तो. अनेक वर्षांचा होता. हलणारे दात शेजारच्या पक्क्या दातांना मागच्या बाजूने बारीक तारेने जोडले. पडणाऱ्या माणसाला दोघांनी खांद्याला धरावं तसं. रक्तातली साखर तपासायला सांगितली, कारण साखर वाढली असली तर हिरडी भरून येत नाही. ती ठीक निघाली. एक काळजी कमी झाली.

गुडाखू सोडणं हे खरं अवघड काम. पहिल्या आठवड्यात धनराजभाऊ दुसऱ्या माणसासारखे वागत होते म्हणे. चिडचिड, डोकेदुखी, झोप नाही. बायकोने फोन केला, "डॉक्टरीणबाई, ह्यायचे दात वाचवा, पन मले बी वाचवा." व्यसन सोडवणाऱ्या एका समुपदेशकाचा नंबर मी त्यांना दिला. ते गेले, हे विशेष.

आणि मग तिसऱ्या आठवड्यात सकाळी सातला माझा फोन वाजला.

"मॅडम, घात झाला! ब्रश केला तं रक्त येऊन राहिलं! जलमात कधी आलं नव्हतं. तुमचा इलाज उलटा पडला."

मी पलंगावर उठून बसले आणि मोठ्याने हसले. माझे मिस्टर दचकून जागे झाले.

"भाऊ, गुडाखू सोडून किती दिवस झाले?"

"अठरा."

"मग यायलाच पाहिजे थोडं. इतके दिवस हिरडी बोंबलत होती आणि तुम्ही तिचं तोंड दाबून ठेवलं होतं. आता बोलायला लागली. घाबरू नका. हलक्या हाताने ब्रश चालू ठेवा आणि आज येऊन दाखवून जा."

सूज थोडी होती. मी पुन्हा साफ केलं, ब्रश कसा धरायचा ते पुन्हा शिकवलं. पुढच्या पंधरा दिवसांत रक्त थांबलं. या वेळी खरोखर थांबलं.

मधल्या काळात विक्रांतने एक काम केलं, ते सांगायला हवं. पांढरे करून झालेल्या त्या सात जणांना त्याने परत बोलावलं. मी सातही तोंडं प्रोब घेऊन, प्रत्येक दाताभोवती सहा-सहा ठिकाणी मोजली. एकेका माणसाला पाऊण तास लागला. पाच जण ठणठणीत. दोघांच्या मागच्या दाढांपाशी थोडी खोल जागा सापडली, सुरुवातीची. जेल फक्त पुढच्या दातांना लागलं होतं, त्यामुळे इजा कोणाला झाली नव्हती. त्या संध्याकाळी घरी जाताना मी गाडीत एकटीच देवाचे आभार मानत होते. एरवी मी फारशी देवभोळी नाही.

फॉर्म आम्ही बदलला. आता "तंबाखू खाता का" याच्या जागी चार प्रश्न आहेत. सकाळी दात कशाने घासता, हिरड्यांना काही चोळता का, गालात काही ठेवता का, आणि घरी कोणाला ती सवय आहे का. शेवटच्या प्रश्नावर लोक शेजाऱ्यांचंही सांगून टाकतात.

शूटिंग ठरल्या दिवशी झालं. धनराजभाऊ पुढेच होते. दहा दिवसांची सुट्टी असल्यामुळे क्लॅरिनेट नुसतं तोंडाशी धरून उभे राहिले आणि आवाज जुन्या रेकॉर्डिंगमधून लावला. शेठनी मला ते रील पाठवलं. दात कोणाचेच दिसत नाहीत. वाजवताना तोंड बंद असतं, हे सात जणांचे दात पांढरे करेपर्यंत कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

सीझन सुरू झाला. सुरुवातीला एका वरातीत दोनच गाणी, मग चार. ओठ सुजायचे, ते मिठाच्या पाण्याचा शेक घ्यायचे. आणि दोन महिन्यांनी ते पुन्हा तपासणीच्या खुर्चीत बसले. मी प्रोब हातात घेतला तेव्हा, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, विद्यार्थिनीसारख्या त्यावरच्या खुणा पुन्हा मोजून घेतल्या.

सळई सरकवली. चारवर अडली. दुसऱ्या दाताला तीनवर. रक्त नाही, आणि या वेळी गुडाखूही नाही. तार तात्पुरती सोडवून मी दात दोन दांड्यांत धरून हलवला. तो जवळजवळ हललाच नाही. मी पुन्हा हलवून बघितलं, कारण विश्वास बसेना.

"काय मॅडम?"

"वाचले."

त्यांनी डोळे मिटले. रंजनाने उगीच ट्रेमधली हत्यारं इकडची तिकडे केली. विक्रांत दारात उभा होता, तो म्हणाला, "आता पांढरे करायचे असले तर करता येतील. कमी ताकदीचं जेल, उघड्या मुळांवर झाकण घालून. मॅडमनी परवानगी दिली तर."

मी दिली. हिरडीचा आजार झालेल्याने दात कधीच पांढरे करायचे नाहीत असं नसतं. आधी आजार आटोक्यात आणायचा, मग बघायचं, एवढाच क्रम आहे. पण धनराजभाऊंनी आरसा मागितला. थर निघाला होता, गुडाखूचे काळे डाग गेले होते. दात पांढरेशुभ्र नव्हते, माणसाच्या दातांसारखे होते.

"ऱ्हाऊ द्या मॅडम," ते म्हणाले. "मले चालते हे."

तार पुन्हा बसवली. जाताना मी त्यांना थांबवलं. दोन महिने ते माझ्या मनात सलत होतं.

"भाऊ, एक सांगायचं राहिलं. गोदामात पहिल्यांदा मीच तुम्हाला बघितलं होतं. नीट बघितलं नाही आणि सही केली. त्या दिवशी जेल लागलं असतं तर दोष माझा असता."

त्यांनी पेटी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"आमच्यात बी होते मॅडम. चुकीचा सूर लागते. आमी काही वरात थांबवत नाही. पुढच्या ओळीत सांभाळून घेतो."

तो मोठ्या मनाचा माणूस होता. मी हसले, पण मनात म्हटलं, तुमचं तसं असेल भाऊ. आमच्यात पुढची ओळ नसते. चुकीचं लागलं असं वाटलं की वरात तिथेच थांबवायची, बाहेर शेठ उभे असले तरी. आणि त्याहून सोपं म्हणजे, सही करण्याआधी सळई घालायची.